रविवारच्या भागावर थोरल्याचं मत

टीव्हीवरच्या त्या जुन्या गुप्तहेराच्या मालिकेचा नवा अवतार सुरू झाला तेव्हा माझा भाऊ जिवंत होता, आणि पहिल्या भागावर त्याचं मत फार वाईट होतं. "अगं, बूट काढले नाहीत त्याने!" फोनवर तो ओरडला. फोन स्पीकरवर होता, आई शेजारी बसली होती. "मयताच्या घरात बूट घालून शिरला! याला काय घंटा खुनी सापडणार?"

"तोंड सांभाळ रे, आई ऐकतेय तुझी," आई म्हणाली. पण मनातून तिला ते पटलं होतं. फोन ठेवल्यावर माझ्या नवऱ्याला म्हणाली, "पाव्हणं, बोलणं आडदांड आहे, पण खोटं नाही बोलत थोरला."

बुटांचं एवढं का, ते सांगायला हवं. जुन्या मालिकेतला गुप्तहेर अगदी साधा माणूस होता. पोट सुटलेलं, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. खून झालेल्या घरी गेला की आधी दारात चपला काढायचा आणि तिथेच उकिडवा बसून बाकीच्यांच्या चपला बघत राहायचा. कुणाच्या टाचेला कुठली माती, कुणाचा अंगठा नवा शिवलाय, कोण डाव्या पायावर भार टाकून चालतो. आत जाईपर्यंत त्याला अर्धं कळलेलं असायचं. नवा गुप्तहेर तरणाबांड, जिमला जाणारा. चपलांकडे बघतच नाही, सगळं त्याला लॅपटॉपवर दिसतं.

जुनी मालिका आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात बघितली. वडील कारखान्यात होते, बोनसच्या वर्षी त्यांनी टीव्ही घेतला. आमच्या ओळीतला तो पहिलाच. मालिका लागली की शेजारपाजारचे सगळे आमच्याकडे. आधी आलेली दोन माणसं कॉटवर, बाकीची जमिनीवर, उरलेली दारात. मध्ये जाहिराती लागल्या की प्रत्येकाने खुनी कोण ते सांगायचं, असा रिवाजच पडला होता. आई बहुतेक वेळा बरोबर असायची. ती शाळेत चौथीपर्यंत गेली, पण माणूस खोटं बोलायला लागला की तिला त्याच्या आधी कळतं. मी कधी बरोबर, कधी चूक.

आणि आमचा दादा, आईच्या भाषेत थोरला, तो कधीच बरोबर नसायचा. एकदाही नाही. मी अतिशयोक्ती करत नाही. ज्याच्या मिशा जाड तो खुनी, जो चहा न पिता उठला तो खुनी, जो मालकाशी उलट बोलला तो खुनी. शेवटी शेवटी ओळीतले लोक त्याच्या मतावरूनच निकाल लावायचे. थोरल्याने नाव घेतलं ना, सुटला बिचारा, आता दुसरा शोधा! तो चिडायचा नाही. पुढच्या आठवड्याला तितक्याच खात्रीने पुन्हा चुकायचा. मी त्याला इतकं चिडवलं, इतकं चिडवलं की वडील एकदा मला म्हणाले, बये, एखादा डाव दे की भावाला. मी म्हटलं, का देऊ? त्याने ओळखावा नि घ्यावा.

तर आता ती मालिका नव्याने आली. शनिवारी गोष्ट सुरू व्हायची, रविवारी संध्याकाळी खुनी कळायचा. आई वर्षभरापासून माझ्याकडे बदलापूरला, मांजर्लीत राहते. दादाचं घर उल्हासनगरला, जिना उभा आणि लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे गेलेले. लेकीकडे राहायला ती खुशीने आलेली नाही. "जावयाच्या दारात पडलेय" हे वाक्य ती आठवड्यातून एकदा तरी ऐकवते, तेही जावयासमोर. पण रविवारी तिचा मूड बरा असायचा. जाहिराती लागल्या की दादाचा फोन यायचा आणि मायलेक भांडायचे.

नव्या मालिकेत गोष्टी त्याच, फक्त खुनी बदललेले. म्हणजे जुनं पाठ असलेल्यांची पंचाईत. यावरून आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर केवढी जुंपली होती! एक म्हणे जुनं ते सोनं, दुसरा म्हणे सोनं असेल तर लॉकरमध्ये ठेवा, आम्हाला नवं बघू द्या. आमचे हे ड्रोनवर खूष. गोष्ट काय चाललीय ते यांना विचारू नका, पण डोंगरावरून कॅमेरा कसा खाली आला ते दोन दिवस सांगतील. शेजारची सिंधी भाभी दर रविवारी पापड भाजून घेऊन यायची. तिचं मत एकच, "आंटी, ये तो हिरो लगता है. वो पुराना वाला अपने घर का आदमी लगता था." आई म्हणायची, "बरोबर बोललीस. ह्याच्याकडे बघून मेलेला माणूस पण उठून सेल्फी काढेल."

मग दादा गेला.

उल्हासनगरला जीन्सच्या एका कारखान्यात तो कटिंग मास्टर होता. टेबलावर कापडाचे थर लावलेले, हातात खडू, आणि उभ्याचा खाली बसला. कारखान्यातल्या मुलांना वाटलं खडू पडला म्हणून वाकला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. वहिनीचा फोन आला तेव्हा मी घरी भाजी निवडत होते, आई समोर जपमाळ घेऊन बसली होती. मी फोनवर "हो, हो, येते" म्हटलं आणि आईला सांगितलं, वहिनीने साड्यांचा सेल लागलाय म्हणून बोलावलंय. आजही मला कळत नाही, ती साडी कुठून आली तोंडात.

आईचं हृदय कमजोर आहे. डॉक्टरांनी मागेच सांगून ठेवलं होतं, पंपिंग फार कमी आहे, हिला धक्का नको, एका धक्क्यात जाईल. ते शब्द मला दवाखान्याच्या जिन्यातच आठवले. वहिनी म्हणाली, "आईंना नका सांगू हो. एकाच आठवड्यात दोन नाही झेपायची मला." आमचे हे म्हणाले, थोडे दिवस जाऊ देत, मग बघू. ठरलं ते तिथे, पण ठरवलं मीच. भाऊ गेला होता, आई वाचवायची होती. मला तेव्हा ते पाण्याइतकं स्पष्ट दिसत होतं.

स्मशानातून सगळे परत आले. आंघोळी झाल्या, मी वहिनीकडेच डोक्यावरून घेतली आणि ओल्या केसांनी बदलापूरला आले. श्रावण होता. "भिजलीस?" आईने विचारलं. "हो, पाऊस काय म्हणतोय बाहेर!" मी म्हटलं आणि कुकर लावला.

मला रडू येत नव्हतं. म्हणजे मी दाबून ठेवलं होतं असंही नाही. दाबायला काही असावं लागतं ना? दात काढताना इंजेक्शन देतात, मग गाल आपला असून आपला नसतो, तसं सगळं अंगच झालं होतं. मी पोळ्या करत होते, दूधवाल्याशी भांडत होते, भाभीच्या विनोदाला हसत होते. लोक म्हणतात दुःखाने भूक मरते. माझी नाही मेली. मी दोन वेळा नीट जेवत होते आणि आपण जेवतोय हे दुरून बघत होते.

दादाचा फोन का येत नाही, याला कारण हवं होतं. मी सांगितलं, घशात गाठ आली होती, बारीकसं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी महिनाभर बोलायला बंदी केलीय.

"त्याला बोलायला बंदी?" आई म्हणाली. "मग उल्हासनगरात शांत शांत झालं असेल."

"हो ना."

"मग लिहून पाठव म्हणावं. हात तर धड आहेत ना? रविवारचं मत लिहून पाठव म्हणावं, तू वाचून दाखव." तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, फोनवरची अक्षरं तिला मुंग्या वाटतात. मी "बरं" म्हटलं. ताकाला गेले होते, भांडं लपवायची सोय आईनेच करून दिली.

दुसरी अडचण देवांची. रोज सकाळी पूजा आईच करते. मुलाचं सुतक तिला, आणि ती रोज आंघोळ करून निरांजन लावणार. मी काही फार देवभोळी नाही. पण कधीतरी तिला कळणार होतं, आणि त्या दिवशी ती पहिलं विचारणार होती, माझ्या हातून सुतकात पूजा करवलीस? म्हणून मी देव्हाराच घरातून बाहेर काढला. पॉलिशला द्यायचाय म्हटलं. आमच्या ह्यांनी तो चादरीत गुंडाळून रिक्षात घातला आणि उल्हासनगरच्या एका फर्निचरवाल्याकडे नेऊन ठेवला. देव स्टीलच्या डब्यात तांदळात घातले. "भर श्रावणात देवांना कुणी बेघर करतं का?" आई म्हणाली. मी म्हटलं, "आत्ताच सुट्टी आहे त्या कारागिराला, गणपतीत तो हात लावायचा नाही." तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग रोज सकाळी तांदळाच्या डब्याला नमस्कार करायला लागली. मी ते बघायचे आणि चहा गाळायचे.

दुपारी मी वहिनीकडे जायचे. आईला सांगायचे, भिशी आहे, केवायसी आहे, दाढ दुखतेय. दारावर टकटक करून लोक येत, बसत. अशा घरी काय बोलायचं ते कुणालाच माहीत नसतं. थोडा वेळ सगळे फरशीकडे बघत, मग कुणीतरी म्हणे, परवाच तर भेटले होते. पुन्हा फरशी. आणि मग, खरं सांगते, विषय त्या मालिकेवर यायचा. कारण दादा कारखान्यात दर सोमवारी तिच्यावरून वाद घालायचा. एक शिवणकाम करणारा माणूस म्हणाला, "मास्टर बोलते थे, ये नया डिटेक्टिव्ह पँट बहुत टाइट पहनता है, इसमें बैठ के चप्पल कैसे देखेगा?" सगळे हसले, मग हसल्याची लाज वाटून पुन्हा फरशीकडे बघायला लागले. दुसरा म्हणाला, मास्टरांना नव्याचं संगीत आवडलं होतं. तिसरा म्हणाला, छे, संगीतालाच तर ते शिव्या घालायचे.

मी मध्येच म्हटलं, "आणखी काय म्हणायचा?"

वहिनीने चमकून माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असेल, नणंद भावाच्या आठवणी गोळा करतेय. मी रविवारची तयारी करत होते. माणसं उठून निघाली की अशा घरी "येतो" म्हणत नाहीत, नुसतं उठून जातात. मला ते फार सोयीचं वाटायचं. मीही तशीच उठून निघायचे, पिशवीत दादाची दोन-चार मतं घेऊन.

पहिल्या रविवारी जाहिराती लागल्या, आईने पदर सावरला. "आला का त्याचा निरोप?"

मी स्क्रीन बंद असलेला फोन हातात धरला आणि वाचल्यासारखं केलं. "म्हणतोय, पँट फार टाइट आहे, त्याला उकिडवं बसता येणार नाही."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. भाभीने पाणी दिलं. "आणि खुनी?"

"माळी."

"माळी!" आई म्हणाली. "गेला माळी, सुटला! आता माझं ऐका, खुनी ती मेव्हणी." आणि निघाली मेव्हणीच. आईने मला सांगितलं, "लिही त्याला. म्हणावं, म्हातारी अजून शाबूत आहे." मी अंगठ्याने काहीतरी केलं. पलीकडे कुणी नव्हतं. आमचे हे उठून गॅलरीत गेले.

खरं म्हणजे गेल्या दहा वर्षांत मी दादाशी जेवढं बोलले नसेन तेवढं त्या दिवसांत बोलले. त्याच्या तोंडचं वाक्य जुळवायला त्याच्या आवाजात विचार करावा लागायचा. भांडी घासताना मी त्याला विचारायचे, यावर तू काय म्हणशील? आणि तो म्हणायचा. अगदी त्याच्या पद्धतीने, आधी "छ्या!" आणि मग पुढचं. तरी मला काही वाटत नव्हतं. मी फक्त लक्षात ठेवायचे, विसरू नये म्हणून.

दादाचा तेरावा रविवारी आला. आईला मी सांगितलं, एका मैत्रिणीच्या नातवाचं बारसं आहे. दुसरं काही सुचलंच नाही, आणि तोंडातून गेलं ते गेलं. आईने ट्रंक उघडायला लावली. त्यात तिने डोळे धड असताना विणून ठेवलेली झबली-टोपडी आहेत, कुणाच्या ना कुणाच्या बाळाला द्यायला. पिवळं काढलं. "रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आणि बाळाला माझ्याकडून काजळाचं बोट लाव." मी ते झबलं-टोपडं पर्समध्ये घालून भावाच्या तेराव्याला गेले.

गोडाचं जेवण झालं. लोकांनी आग्रह करून करून वाढलं, मी खाल्लं. फोटोला हार घातलेला, फोटोत दादा हसत होता. तो कुणाच्या तरी लग्नातला फोटो होता, मागे कापून टाकलेल्या कुणाचा तरी हात त्याच्या खांद्यावर तसाच राहिला होता. वहिनी दाराशी आली, म्हणाली, "ताई, आता तरी सांगा आईंना." मी म्हटलं, "कसं सांगू? तूच सांग कसं सांगू ते." माझा आवाज चढला. आतली माणसं बघायला लागली. मी तशीच निघाले.

रिक्षात आमचे हे मोबाईल बघत होते. ॲपवर त्या संध्याकाळचा भाग दुपारीच टाकतात, वर्गणी भरणाऱ्यांसाठी. यांनी तो तेराव्याच्या मांडवात, कोपऱ्यात बसून बघून संपवला होता. ज्याला जसं जमतं तसं तो दिवस ढकलतो. "डॉक्टर निघतो खुनी," ते म्हणाले, कुणीतरी हवा काय म्हणतेय ते सांगावं तसं. "कुणाला वाटणार नाही. चांगला वाटतो शेवटपर्यंत."

मी रस्त्याकडे बघत बसले. आणि मला एवढंच वाटलं की आज दादाला जिंकू द्यावं. बस्स, एकदा. त्याचं नाव आज सगळ्यांनी इतक्या वेळा घेतलं, पण त्यात त्याला मिळालं काय? लाडू तर आम्हीच खाल्ले. माझ्या हातात द्यायला दुसरं काही नव्हतं.

संध्याकाळी भाभी पापड घेऊन आली. आईने बारशाची चौकशी केली, बाळ कुणावर गेलंय विचारलं. मी म्हटलं, आईवर. मालिका सुरू झाली. एक म्हातारा जमीनदार विषाने मेलेला, घरात दोन मुलगे, एक मुनीम, एक स्वयंपाकीण आणि उपचाराला येणारा देवमाणूस डॉक्टर. जाहिराती लागल्या.

"स्वयंपाकीण," भाभी म्हणाली. "खाना तो वही बनाती है."

"धाकटा मुलगा," आई म्हणाली. "त्याचे डोळे ठिकाणावर नाहीत. थोरला काय म्हणतो?"

मी फोन हातात घेतला. "म्हणतोय, डॉक्टर."

आईने माझ्याकडे मान वळवली. "नीट वाच."

"डॉक्टरच लिहिलंय."

"मुनीम नाही म्हणाला? त्या मुनीमाला मिशा आहेत."

"अगं आई, डॉक्टर लिहिलंय तर डॉक्टर वाचणार ना मी!" मी खेकसले. आमचे हे ताटलीतल्या पापडाकडे बघत होते.

मालिका पुन्हा सुरू झाली. शेवटी त्या नव्या गुप्तहेराने लॅपटॉप सगळ्यांसमोर फिरवला आणि डॉक्टरचा चेहरा पडला. भाभीने टाळ्या वाजवल्या. "वाह! आंटी, आज तो तुम्हारा बेटा जीत गया! मिठाई खिलाओ!"

"खिलाऊंगी," आई म्हणाली. मग फार सभ्यपणे, "तू आता जा हां बाळा. मला जरा बरं नाही वाटत." भाभी गेली. आईने रिमोट मागितला आणि टीव्ही बंद केला. तिला ते बटण कधी सापडत नाही, त्या दिवशी सापडलं.

"कधी गेला?" तिने विचारलं.

"कोण?"

"मला शिकवू नकोस. थोरला कधी गेला?"

"काय अभद्र बोलतेस गं भरल्या घरात!" मी ओरडले. आवाज माझा मलाच खोटा वाटला.

"अभद्र मी नाही बोलत," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी आहे सांगावं इतका. "श्रावणात देव्हारा पॉलिशला गेला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, सुतक आहे कुणाचं तरी, असेल भावकीतलं लांबचं, मला सांगत नाहीत. घशाचं ऑपरेशन पण मी गिळलं. पण आज तू त्याला जिंकवलंस. अगं, जन्मात तू त्याला एक डाव दिला नाहीस. तो समोर असता तर आज तरी दिला असतास? जित्या माणसाला कोण देतं?"

आमचे हे म्हणाले, "आई, तुम्ही आधी शांत..." आईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं, ते थांबले.

"हो, गेला," मी म्हटलं. "गेला तो. तेरा दिवस झाले. आज तेरावा होता. बारसं नव्हतं." आणि धावत जाऊन जिभेखालची गोळी आणली. माझं सगळं लक्ष तिच्या छातीकडे. वर होतेय, खाली होतेय. आता थांबेल, मला वाटलं, आता थांबेल, आणि हे मी केलं.

तिने माझा हात बाजूला केला. "गोळी राहू दे. गीझर लाव. मला डोक्यावरून घ्यायचंय."

मी तिला धरून न्हाणीघरात नेलं. प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. लुगडं न सोडता ती तशीच बसली, आणि मी तांब्याने पाणी घालायला लागले. तिचे केस आता किती थोडे राहिलेत ते मला पहिल्यांदा दिसलं. ती डोळे मिटून एकेक विचारत होती आणि मी सांगत होते. कुठे पडला? कटिंगच्या टेबलाशी. बोलला काही? नाही. त्रास झाला? डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल त्याला. अग्नी कुणी दिला? त्याच्या लेकाने. वहिनी जेवते का? माहीत नाही.

"आज गोड काय होतं?"

"लाडू. बुंदीचे."

"पोटभर जेवलीस ना?"

मी हो म्हटलं. तिने मान हलवली. मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तसा मी तिचा कधी ऐकला नव्हता, वडील गेले तेव्हाही नाही. ती हळूहळू पुढे वाकली आणि तिचं कपाळ माझ्या पोटाला टेकलं. "मी मेले असते तर मेले असते गं," ती म्हणाली. "कुणी सांगितलं होतं मला जपायला? गावाने रडून घेतलं. त्या कारखान्यातल्या पोरांनी घेतलं. मी त्याची आई. मला रडायलासुद्धा बोलावलं नाहीत तुम्ही."

मी पाणी घालत राहिले, गीझरचं संपून गार येईपर्यंत. मग तिला पुसलं, कोरडं नेसवलं, केसांना पंचा बांधला. कॉटवर बसवून शाल दिली. छाती अजून वरखाली होत होती. आमच्या ह्यांनी न सांगता चहा केला होता, तिने तो बाजूला ठेवला.

"सुनेला फोन लाव."

मी लावला, स्पीकरवर टाकला आणि तिच्या हातात दिला. वहिनी नेहमीच्या सावध आवाजात म्हणाली, "हॅलो, ताई? आई झोपल्या का?"

"मी आहे गं," आई म्हणाली. "मला उशीर झाला यायला."

आईने फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला.

"आता मी आलेय ना," ती म्हणाली. "रड आता."

वहिनी रडली की नाही, मला सांगता येणार नाही. मी तिथेच, कॉटच्या पायाशी, फरशीवर बसले होते आणि माझा स्वतःचा आवाज इतका मोठा होता की मला दुसरं काही ऐकूच आलं नाही.